मैया उजव्या हाताला, नकाशा खिशात

मागच्या अंकात नर्मदा परिक्रमेला, म्हणजे नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडता तिला घातलेल्या प्रदक्षिणेला, निघताना पाठीवरच्या पिशवीत काय घ्यावं, ते लिहिलं होतं. मोबाइलबद्दल त्यात एकच वाक्य होतं : 'फोन जरूर घ्या, पण वाट त्याला विचारू नका.' त्या वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काहींना ते पटलं, काही रागावले, बहुतेकांनी 'म्हणजे नेमकं काय करायचं?' असं विचारलं. मी पायी परिक्रमा केली आहे आणि त्याआधी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला आहे. नकाशा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे खुलासा करायलाच हवा. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : देवउठनी एकादशीनंतर मी आणि सौ. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलणार आहोत. मुलानं नवा फोन घेऊन दिला आहे. तो म्हणतो, 'बाबा, आधी महेश्वर टाका, मग बडवानी टाका, चालण्याचं चिन्ह दाबा, तो बरोबर नेईल.' माझं मन काही घेत नाही. – एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

तुमचं मन बरोबर सांगतंय. मुलानं सुचवलेलं पहिलंच गाव घ्या. तुम्ही ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर संकल्प सोडणार आणि पश्चिमेकडे निघणार. महेश्वर आहे उत्तर तटावर. फोनमध्ये 'महेश्वर' टाकलंत की तो तुम्हाला मोरटक्क्याच्या पुलावरून पलीकडे बडवाहला नेणार. सुरुवातीलाच मैया ओलांडली गेली की परिक्रमा खंडित. मग परत संकल्प, परत पूजा, आणि मनाला लागलेली हुरहुर वेगळीच.

यात ॲपचा काही दोष नाही. त्याला दोन ठिकाणांमधली चालण्याजोगी जवळची वाट शोधायला शिकवलं आहे आणि ते काम तो चोख करतो. टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरी टाळा, एवढं त्याला सांगता येतं. 'ही एक नदी ओलांडू नकोस' हे सांगायची सोय त्यात कुठेच नाही. तुमचा संकल्प त्याला ठाऊक नाही, म्हणून तो तुम्हालाच सांभाळावा लागतो.

त्यासाठी मी हे करत असे. मोठं गाव कधी टाकायचंच नाही. आजच्या मुक्कामाचं गाव किंवा दुपारच्या भोजनप्रसादीचा आश्रम, दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला आणि आपल्याच तटावरचा, तेवढाच टाकायचा. तो आपल्याच तटावर आहे ना, हे आदल्या रात्री आश्रमात विचारून वहीत लिहून ठेवायचं. फोननं रेषा काढली की 'सुरू करा' दाबण्याआधी दोन बोटांनी नकाशा मोठा करून ती रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घालायची. निळं पाणी कुठे कापतेय का? कापत असेल, तर ते पाणी मैयाचं की उपनदीचं? उपनद्या ओलांडायला हरकत नसते. कुंदी, गोई, तवा, शेर, सगळ्या ओलांडाव्याच लागतात. मैया मात्र नाही.

तट ओळखायची खूण अगदी सोपी आहे. नकाशात उत्तर वर असते. दक्षिण तटावरून पश्चिमेला चालताना नदी तुमच्या निळ्या ठिपक्याच्या वर दिसली पाहिजे. समुद्राकडून उत्तर तटाला लागलात आणि पूर्वेला अमरकंटककडे निघालात, की ती ठिपक्याच्या खाली दिसली पाहिजे. दोन्ही वेळा ती तुमच्या उजव्याच हाताला असते. मी शाळेत नकाशावाचन शिकवताना पहिल्या तासाला मुलांना दिशाच विचारायचे. इथेही तेच पहिलं.

पुलांची नावं वहीत लिहून घ्या, कारण ॲप तुम्हाला तिथेच ओढणार : मोरटक्का, खलघाट, गरुडेश्वर, भरूच, नेमावर-हंडिया, बुधनी-नर्मदापुरम, बरमान, जबलपूरचं तिलवारा. धरणांवरून जाणारे रस्तेही त्यातच धरा. खलघाटला आग्रा-मुंबई महामार्गाच्या पुलाच्या अलीकडे एक तरुण परिक्रमावासी फोनचं यंत्र कानात घालून, त्यातला आवाज सांगेल तसा सरळ पुलाकडे निघालेला मी पाहिला. चहाच्या टपरीवरचा माणूस धावत आला, 'बाबाजी, पुल मत चढो!' म्हणत त्याला हाताला धरून मागे घेऊन आला. तटावरची माणसं परिक्रमावासीला अशी सांभाळतात. पण कानात यंत्र असलं, तर त्यांची हाक ऐकूच येत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती : फोनचा आवाज बंद ठेवा.

आणखी एक. बेटांवर जायचं नाही. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, त्यामुळे परिक्रमा चालू असताना दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि ओंकारेश्वराचं परिक्रमा पुरी झाल्यावर. गुजरातेत शुक्लतीर्थाजवळचा कबीरवडही बेटावर आहे. नकाशात तो प्रेक्षणीय स्थळ म्हणून ठळक दिसतो आणि मोह होतो. तो पुढच्या खेपेला पाहा.

दक्षिण तटावर सुरुवातीच्या टप्प्यातच रावेरखेडी लागेल. तिथे थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. १७४० च्या एप्रिलमध्ये याच काठावर त्यांनी देह ठेवला. हे नाव मात्र फोनमध्ये आवर्जून टाका. मराठी माणसानं तिथे न थांबता पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : तटावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते असं ऐकलं. गूगल मॅप्सवर सगळा भाग ऑफलाइन उतरवून घेतला तर पुरेल का? बॅटरीचं काय? – एक वाचक, पुणे

पुरणार नाही. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो. चालण्याचा मार्ग ऑफलाइन देत नाही. म्हणजे रेंज गेली की तो तुम्हाला गाडीच्या रस्त्यावर घालणार, आणि तटाची पगडंडी तर गाडीच्या रस्त्यापासून लांब. तरीही तो उतरवून ठेवा, गावांची आणि दुकानांची नावं शोधायला त्याचा उपयोग होतो. पण त्याच्या जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड यांपैकी एक घ्या. ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी काढलेला नकाशा वापरतात आणि पायी वाट रेंजशिवायही दाखवतात. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात ही तिन्ही राज्यं घरच्या वायफायवर उतरवून घ्या. छत्तीसगडही घ्या, कारण अमरकंटकला मैयाच्या उगमाला वळसा घालताना तुम्ही त्या राज्याच्या सीमेला टेकलेले असता.

पुष्कळांचा गैरसमज असतो की रेंज नाही म्हणजे आपण कुठे आहोत हेही कळणार नाही. तसं नाही. निळा ठिपका उपग्रहांच्या संकेतांवरून ठरतो, त्याला सिमकार्ड लागत नाही की इंटरनेट लागत नाही. फोन विमान मोडवर असतानाही तो चालतो. नेटवर्क नसताना पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो, एवढंच. मोकळ्या आभाळाखाली, झाडाच्या सावलीतून बाहेर येऊन, दोन-तीन मिनिटं शांत उभे राहा.

बॅटरी वाचवायची तर विमान मोडच कामाला येतो. रेंज क्षीण असलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. सकाळी निघताना विमान मोड लावायचा, दिवसातून चार-पाच वेळा जागा बघायची आणि संध्याकाळी आसन लागलं, म्हणजे मुक्कामाला टेकलं, की मोड काढून घरी निरोप द्यायचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. तिच्यावर लिहिलेली सगळी वीज फोनमध्ये उतरत नाही, बरीचशी वाटेत खर्ची पडते, म्हणून ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरेल असं धरू नका. आश्रमात प्लगसाठी भांडू नये. एकाच प्लगवर दहा जणांची नजर असते, तेव्हा तीन प्लग बसतील अशी छोटी पट्टी सोबत नेलीत तर आणखी दोघांची सोय होईल.

प्रश्न : शूलपाणीच्या झाडीची फार भीती वाटते. आम्ही तिघी मैत्रिणी आहोत. उपग्रहाचं चित्र बघितलं तर सगळीकडे डोंगर आणि पाणी दिसतं. एका जुन्या परिक्रमावासींनी त्यांच्या फोनमधली वाटेची फाइल पाठवली आहे. तिच्यावर विसंबून राहावं का? – एक वाचक भगिनी, नागपूर

या प्रश्नासाठी मी जागा राखून ठेवली होती, कारण नकाशावर भाबडा विश्वास ठेवला तर खरा धोका इथे आहे.

झाडी म्हणजे बडवानीपुढचा सातपुड्याचा दुर्गम पट्टा. मध्य प्रदेशातून तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शिरतो आणि पुढे गुजरातेत उतरतो. घोंगसा, भादल, खपरमाळ, बिलगाव, धडगाव ही त्या बाजूची गावं. पूर्वी परिक्रमेची वाट बरीचशी काठाकाठानं होती. सरदार सरोवर धरणाचं पाणी चढत गेलं तशी ती वाट बुडाली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्याखाली गेलं, आताचं मंदिर नव्यानं वर बांधलेलं आहे. २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं आणि निमाडातली चिखलदा, निसरपूर यांसारखी गावंही पाण्यात गेली. लोक उठून दुसरीकडे वसले. नकाशावरचं नाव कधी नव्या वसाहतीवर असतं, कधी जिथे आता पाणी आहे तिथेच राहिलेलं असतं. त्या नावाच्या मागे निघालात तर पाण्याच्या काठाशी जाऊन थांबाल. एक जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरताना मी स्वतः पाहिला आहे. नकाशात तो पुढेही रस्ताच होता.

उपग्रहाच्या चित्राचा दुसरा घोटाळा ऋतूचा. पावसाळा संपता संपता जलाशय काठोकाठ असतो, उन्हाळ्यापर्यंत पाणी उतरत जातं. परिक्रमा उचलली जाते कार्तिकात. म्हणजे तुम्ही झाडीत पोहोचता तेव्हा पाणी बऱ्यापैकी वर असतं, आणि फोनमधलं चित्र एखाद्या मे महिन्यातलं असू शकतं. चित्रातली काठाची मऊ माती तुम्हाला दिसणारही नाही. ओढ्यांचंही तसंच. चित्रात ओढा पायानं ओलांडण्याजोगा दिसतो, प्रत्यक्षात त्यात जलाशयाचं पाणी आत शिरून खाडी झालेली असते आणि अर्धा दिवस वळसा पडतो.

तुम्हाला मिळालेली फाइल टाकाऊ नाही. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी नोंदवली ते मात्र विचारून घ्या. २०१९ च्या आधीची असेल तर काठालगतचा भाग सोडूनच द्या. नंतरची असेल तर ऑरगॅनिक मॅप्समध्ये उघडून ठेवा आणि एवढ्याच कामासाठी वापरा : आपण डोंगराच्या बरोबर सोंडेवर आहोत की शेजारच्या? झाडीत वाट चुकते ती सोंड चुकल्यामुळे. पाऊलवाटा सारख्याच दिसतात, एक गावाला जाते आणि दुसरी गुरांच्या चरणीला. अशा वेळी ठिपका आणि रेषा यांतलं अंतर पाहिलं की शंभर पावलांत चूक कळते. हे काम फोनइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करते.

पण वाट विचारायची ती मामांना. झाडीतल्या भिल्ल बांधवांना परिक्रमावासी मामा म्हणतात. ते एके काळी परिक्रमावासींना लुटत, अशा कथा तुम्ही ऐकल्या असतील आणि तुमची भीती त्यातूनच आली असेल. माझा अनुभव सांगते. घरात भाकरीचं पीठ जेमतेम असताना त्यांनी आम्हाला बसवून जेवू घातलं आणि पुढच्या टेकाडापर्यंत पोरगा सोबत दिला. त्या पोराला ठाऊक होतं की परवाच्या पावसानं खालची वाट खचली आहे. कुठल्याही उपग्रहाला ते ठाऊक नव्हतं.

विचारायची पद्धतही सांभाळा. फोनचा पडदा समोर धरून 'हे गाव कुठे?' असं विचारू नका. समोरचा माणूस पडद्याकडे बघून गोंधळतो, किंवा तुमचं मन राखायला हो म्हणतो. फोन झोळीत ठेवा, 'नर्मदे हर' म्हणा, दोन घटका टेका आणि मग विचारा : 'आज परकम्मावाले किस रास्ते से गये?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, 'दिन ढलने से पहले पहुँच जाएँगे?' असं विचारा.

तिघीच आहात, म्हणून झाडीचे मुक्काम इतर परिक्रमावासींच्या सोबतीनं करा. बडवानीजवळ राजघाटच्या बाजूला एक दिवस थांबलात की सोबत मिळते. तब्येत साथ देत नसेल तर खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा अशी सडकेची वाटही आहे. पुष्कळजण ती घेतात आणि तीही परिक्रमाच आहे. तिथे आपली मराठी माणसं आपुलकीनं ठेवून घेतात.

जाता जाता : असंच बुडीत क्षेत्र परिक्रमेच्या शेवटीही येतं, हंडियाकडून ओंकारेश्वरला परतताना, इंदिरा सागरच्या जलाशयाभोवती. २००४ मध्ये हरसूद गाव उठलं ते याच धरणासाठी. तिथे नकाशात पाण्याची बोटं जमिनीत लांबवर शिरलेली दिसतील. वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू.

प्रश्न : आमच्या गटात वाद झाला आहे. एकजण म्हणतो परिक्रमेत मोबाइल म्हणजे नियमभंग. तुमचं मत? – एक वाचक, सांगली

मैया उजव्या हाताला, ती ओलांडायची नाही, पैशांचा साठा करायचा नाही, मिळेल ते घ्यायचं, तिचं नाव मुखी ठेवायचं. मला परंपरेनं मिळालेले नियम हे. फोनचा त्यांत उल्लेख असायचं कारणच नाही. ज्यांना फोनशिवाय चालायचं आहे त्यांनी तसं चालावं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दुसऱ्याच्या पिशवीत डोकावून भांडू नका. साठीनंतर गुडघ्याला पट्टी बांधून चालणाऱ्या माणसाला पुढचा आश्रम चार किलोमीटरवर आहे की चौदा, हे कळलं तर त्यात अधर्म कसला? दिवसभर चित्रफिती काढत, पडद्यात डोकं घालून चालणं मात्र मला पटत नाही. शेजारून मैया वाहते आहे.

प्रश्न : समुद्राशी नकाशा काय दाखवतो? – एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही समुद्राकाठचे, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगितलं तरी कळेल. दक्षिण तटावर विमलेश्वर-कठपोरच्या बाजूनं नाव निघते आणि पलीकडे मिठी तलाईला लागते. खाडीचं मुख सोडून समुद्रातून वळसा घेतात, म्हणून तिथे परिक्रमा खंडित होत नाही. फोनमध्ये मिठी तलाई टाकलंत तर तो मागे अंकलेश्वरला नेऊन भरूचच्या पुलावरून दहेजकडे रस्ता काढेल. १८८१ मधला जुना लोखंडी पूल असो की अलीकडचे नवे, परिक्रमावासीला तिथले सगळेच पूल वर्ज्य. नाव भरतीवर सुटते, वेळ पहाटेची असेल नाही तर मध्यरात्रीची. म्हणून फोनमध्ये रस्ता बघत बसण्यापेक्षा तिथे नोंद करणाऱ्यांना वेळ विचारा, बोलावतील तेव्हा तयार राहा. फोन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा. तरंगतं जाकीट अंगावर चढवल्याशिवाय नावेत बसू नका.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि एकटेच परिक्रमेला निघालेत. ते कुठे आहेत हे रोज घरी बसून नकाशावर दिसेल अशी सोय करता येईल का? आईचा जीव थाऱ्यावर नाही. – एक वाचक, डोंबिवली

करता येईल. गूगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' म्हणून सोय आहे. निघण्याआधी त्यांच्या फोनमधून तुमचं नाव जोडा आणि मुदत 'बंद करेपर्यंत' अशी ठेवा. पण आईला आधीच नीट समजावून सांगा : हे इंटरनेटवर चालतं. वडील विमान मोडवर असतील किंवा रेंजबाहेर, तर ठिपका जुन्या जागीच दिसेल, आणि त्याखाली किती वेळापूर्वीचा आहे ते लिहिलेलं असेल. थांबलेला ठिपका म्हणजे संकट नव्हे. झाडीत, आणि वर मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या जंगलात, एक-दोन दिवस निरोप न येणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून माझा भर साध्या एसएमएसवर. क्षीण रेंजमध्ये फोन लागत नाही, व्हॉट्सॲप फिरत राहतं, पण एसएमएस कित्येकदा निघून जातो. संध्याकाळी त्यांनी चार गोष्टी पाठवाव्यात : गाव, तट, आश्रमाचं किंवा यजमानांचं नाव, उद्याचं गाव. तट लिहायला विसरू देऊ नका, कारण तटावर एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत. पिपरिया म्हटलं की फोन तुम्हाला पचमढीच्या वाटेवरचं रेल्वेचं गाव दाखवेल, आणि वडील असतील काठावरच्या एखाद्या चिमुकल्या पिपरियात. जमलं तर ऑरगॅनिक मॅप्समधून अक्षांश-रेखांशाचे आकडे उचलून एसएमएसमध्ये टाकायला त्यांना शिकवा. ते आकडे तुमच्या नकाशात टाकले की नेमकी जागा उघडते, गावाच्या नावाचा गोंधळच राहत नाही. घराजवळच्या टेकडीवर नेऊन हे सगळं त्यांच्याकडून तीन-चारदा करवून घ्या, आणि त्या वेळी तुम्ही फोनला हात लावू नका.

त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर नाव, रक्तगट, चालू औषधं आणि तुमचे दोन क्रमांक हिंदीत लिहा. फोन बंद पडला तरी कार्ड वाचता येतं. मुक्कामाच्या प्रत्येक आश्रमाचा क्रमांक तुम्ही घरच्या वहीत उतरवत जा. तीन दिवस काहीच कळलं नाही, तर आधी शेवटच्या आश्रमात फोन करा. ते पुढच्या आश्रमाला विचारतात आणि परिक्रमावासींच्या नोंदवहीत नाव बहुतेक सापडतंच. तिथेही पत्ता लागला नाही तर शेवटचं गाव ज्या जिल्ह्यात येतं तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षाशी बोला. वडिलांना स्वतःला मदत लागली तर ११२, तेवढा एक क्रमांक त्यांच्या तोंडपाठ हवा.